हॅश जुळला म्हणजे पुरावा खरा ठरला का?

कोर्टाच्या बातम्यांमध्ये 'हॅश व्हॅल्यू' हा शब्द आता वारंवार वाचायला मिळतो. भीमा कोरेगाव-एल्गार परिषद खटल्यामुळे तो आपल्या कार्यकर्त्यांच्या बोलण्यातही आला. पण बोलताना लोक दोन टोके गाठतात. काहींच्या मते हॅश जुळला की विषय संपला, पुरावा पक्का. काहींच्या मते हे सगळे थोतांड आहे, ज्याच्या हातात कॉम्प्युटर तो हवे ते करू शकतो. ही दोन्ही मते चुकीची आहेत, आणि दोन्ही आपल्याला महागात पडू शकतात. कारण आज अत्याचाराच्या घटनेचा व्हिडिओ, जातिवाचक शिवीगाळीचे रेकॉर्डिंग, धमकीचा मेसेज हे सगळे फाइलींच्या रूपात असते. उद्या आपल्याच कार्यकर्त्याचा फोन जप्त झाला तर त्याचे भवितव्यही फाइलींवरच ठरणार आहे.

आधी हॅश म्हणजे काय ते पाहू. कॉम्प्युटरमधली कोणतीही फाइल, मग ती चिठ्ठी असो, फोटो असो की दोन तासांचा व्हिडिओ, शेवटी आकड्यांची एक लांबलचक रांग असते. ही रांग एका ठरलेल्या गणिती रीतीतून काढली की ठरावीक लांबीची एक छोटी ओळ मिळते. तीच हॅश. सध्या सर्वाधिक वापरात असलेली रीत एसएचए-२५६. तिच्यातून ६४ चिन्हांची ओळ निघते, शून्य ते नऊ हे आकडे आणि ए ते एफ ही इंग्रजी अक्षरे मिळून. फाइल दोन शब्दांची असो की दोन जीबीची, ओळ ६४ चिन्हांचीच. तीच फाइल कोणीही, कुठल्याही मशीनवर, कितीही वर्षांनी तपासली तरी तीच ओळ येते. पण फाइलीत एक स्वल्पविराम बदलला की ओळ जराशी बदलत नाही, पूर्ण वेगळी येते. ओळीवरून मूळ फाइल परत तयार करता येत नाही. गिरणीतून पीठ घेऊन गेलात तर गिरणीवाला त्याची पुन्हा ज्वारी करून देत नाही, तसे.

म्हणून हॅश म्हणजे एन्क्रिप्शन नव्हे. एन्क्रिप्शनमध्ये मजकूर कुलूपबंद होतो आणि किल्ली असेल तर उघडतो. हॅशला किल्ली नसते आणि त्यात मजकूरही नसतो.

फाइलीचे नाव बदलले किंवा ती पेन ड्राइव्हवर कॉपी केली तर हॅश बदलत नाही, कारण नाव हा फाइलीच्या आतल्या मजकुराचा भाग नाही. उलट डोळ्यांना काहीच फरक दिसत नसताना हॅश बदलू शकतो. मराठीत तर हे सहज घडते. 'दुसऱ्या' या शब्दातला 'ऱ' कॉम्प्युटरमध्ये एकच चिन्ह म्हणून साठवता येतो, किंवा साधा 'र' आणि खाली नुक्ता अशी दोन चिन्हे म्हणूनही. पडद्यावर शब्द सारखाच दिसतो, पण हॅश वेगळा येतो. वर्डची फाइल उघडून काही न बदलता पुन्हा सेव्ह केली तरी बहुतेक वेळा हॅश बदलतो. त्यामुळे 'हॅश जुळत नाही, म्हणजे कुणीतरी खोटेपणा केला' असा निष्कर्ष घाईने काढता येत नाही. काहीतरी बदलले एवढेच कळते. काय बदलले आणि का, ते वेगळे शोधावे लागते.

मोहोर लागण्याआधी काय घडले?

हॅशला 'डिजिटल अंगठा' म्हणायची पद्धत आहे. मला ती उपमा फसवी वाटते. अंगठ्यावरून माणूस कोण ते कळते. हॅशवरून फाइल कुणाची, कुणी लिहिली, केव्हा लिहिली यातले काहीच कळत नाही. त्यापेक्षा पंचनाम्यातली लाखेची मोहोर जवळची आहे. मुद्देमाल पाकिटात घालून, पंचांच्या सह्या घेऊन वर मोहोर लावतात. पुढे कोर्टात मोहोर शाबूत दिसली तर एवढे म्हणता येते की सील लावल्यानंतर पाकीट कुणी उघडले नाही. पाकिटात वस्तू मुळात कुणी टाकली, हे मोहोर सांगू शकत नाही.

भीमा कोरेगाव खटल्यात नेमका हाच फरक समोर आला. १७ एप्रिल २०१८ रोजी पुणे पोलिसांनी वेगवेगळ्या शहरांत झडत्या घेऊन कॉम्प्युटर, हार्ड डिस्क, पेन ड्राइव्ह जप्त केले. रोना विल्सन यांच्या दिल्लीतल्या घराचाही त्यात समावेश होता. ६ जून २०१८ रोजी सुधीर ढवळे, सुरेंद्र गडलिंग, महेश राऊत, शोमा सेन आणि विल्सन यांना अटक झाली. जप्तीच्या वेळी हॅश नोंदवून त्याची प्रत दिली गेली नाही, असा आक्षेप बचाव पक्षाने घेतला. हा आक्षेप महत्त्वाचा आहे, कारण जप्तीच्या क्षणी हॅश घेतला नसेल तर जप्तीपासून हॅश घेईपर्यंतच्या काळात उपकरणात काय झाले, हे हॅशच्या आधारे सांगता येत नाही.

मात्र गोष्ट इथे संपत नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या डिजिटल फॉरेन्सिक कंपनीचा अहवाल समोर आला. बचाव पक्षाच्या वतीने तिने विल्सन यांच्या लॅपटॉपच्या डिस्कची प्रत तपासली होती. तिच्या म्हणण्यानुसार जून २०१६ मध्ये एका ईमेलमधून 'नेटवायर' नावाचा घुसखोर प्रोग्राम लॅपटॉपमध्ये शिरला, सुमारे २२ महिने तो लॅपटॉप बाहेरच्या कुणाच्या तरी ताब्यात होता आणि आरोपांना आधार म्हणून वापरलेली कागदपत्रे एका लपवलेल्या फोल्डरमध्ये बाहेरून टाकली गेली. एनआयएने हा निष्कर्ष मान्य केलेला नाही आणि खरेखोटे न्यायालयाने ठरवायचे आहे.

आता एक क्षण असे धरून चालू की जप्तीच्या दिवशी सगळे नियमाने झाले असते. घरातच डिस्कचा हॅश काढला असता, पंचनाम्यात लिहिला असता, प्रत दिली असती. तीन वर्षांनी कोर्टात हॅश तंतोतंत जुळला असता. आणि आर्सेनलचे म्हणणे खरे असेल, तर त्या जुळलेल्या हॅशच्या आत बाहेरून टाकलेली कागदपत्रेही तशीच असती, कारण ती जप्तीच्या आधी टाकली गेली होती. हॅशने खोटे सांगितले असे म्हणता येणार नाही. जप्तीपूर्वी काय झाले, हे त्याच्या अखत्यारीतच येत नाही.

मग कंपनीने ते शोधले कशावरून? डिस्कच्या पोटात शिरून. घुसखोर प्रोग्रामच्या खुणा, फाइली केव्हा आणि कोणत्या मार्गाने आल्या याच्या नोंदी, यांवरून. अहवालातला एक मुद्दा कुणालाही समजेल असा आहे: काही कागदपत्रे वर्डच्या ज्या आवृत्तीत तयार झाली होती ती आवृत्ती त्या लॅपटॉपवर कधी नव्हतीच. हे काम हॅश करत नाही, त्यासाठी तपास करणारा माणूस लागतो. पण अशा तपासालाही पाया हॅशचाच असतो. बचाव पक्षाला मिळालेली प्रत आणि कोर्टातली प्रत एकच आहे, हे हॅश जुळवूनच दाखवता येते. नाहीतर समोरचा वकील पहिल्या दिवशीच म्हणेल, तुम्ही भलतीच डिस्क तपासली.

मोहोरेचा ठसा कुणाकडे आहे?

समाजशास्त्र शिकताना एक गोष्ट डोक्यात पक्की बसते: नोंद ज्याच्या ताब्यात, त्याचे म्हणणे जड. गावातल्या दलित वस्तीची जमीन सातबाऱ्यावर कुणाच्या नावाने आहे, हे वस्तीला माहीत असूनही तलाठ्याच्या दप्तरासमोर तिचे बोलणे हलके पडते. डिजिटल पुराव्याचेही तसेच आहे. हॅश फक्त तपास यंत्रणेच्या फाइलीत असेल तर तो बदलून नवा लिहायला काय लागते? फाइल बदलायची, नवा हॅश काढायचा, कागद बदलायचा. तो चोख जुळेल. हॅशला ताकद येते ती त्याची प्रत दुसऱ्या पक्षाकडे, वेळीच आणि तारखेसह पोहोचली की. ती एक ओळ तुमच्या हातात असेल तर कितीही मोठी यंत्रणा असो, तिला त्या फाइलीत गुपचूप बदल करता येत नाही. दुबळ्या पक्षाच्या हाती असे साधन क्वचितच येते, म्हणून ते मागून घ्यायला शिकले पाहिजे.

जुन्या मोहोरा

सगळ्या रीती सारख्या मजबूत नाहीत. एमडी५ ही रीत रोनाल्ड रिव्हेस्ट यांनी १९९१ मध्ये तयार केली. तिची ओळ ३२ चिन्हांची. २००४ मध्ये चिनी गणितज्ञ वांग शाओयुन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच एमडी५ हॅश असलेल्या दोन वेगळ्या फाइली तयार करून दाखवल्या. याला कोलिजन म्हणतात, म्हणजे टक्कर. २०१२ मध्ये उघडकीला आलेल्या 'फ्लेम' नावाच्या हेरगिरीच्या प्रोग्रामने याच कमजोरीचा वापर करून स्वतःला मायक्रोसॉफ्टचा अस्सल प्रोग्राम म्हणून खपवले होते. त्यानंतरची एसएचए-१ ही ४० चिन्हांची रीत १९९५ ची. फेब्रुवारी २०१७ मध्ये गूगल आणि ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संस्थेच्या संशोधकांनी एकच एसएचए-१ हॅश असलेल्या दोन पीडीएफ जाहीर केल्या. एकीची पार्श्वभूमी निळी, दुसरीची लाल. त्यासाठी एकाच ग्राफिक कार्डाला ११० वर्षे लागली असती एवढे गणित करावे लागले. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने एसएचए-१ चा वापर २०३० अखेर पूर्ण थांबवायला सांगितले आहे. एसएचए-२५६ ची टक्कर अजून कुणी दाखवलेली नाही. तिच्या शक्य ओळींची संख्याच ७८ आकडी आहे.

इथे एक बारकावा आहे, आणि कोर्टात त्यावरूनच गोंधळ होतो. एखाद्या सभागृहात २३ माणसे असतील तर त्यातल्या कुणातरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त असते. पण नेमका तुमच्या वाढदिवसाचा माणूस तिथे सापडण्याची शक्यता फार कमी. हॅशचेही तसेच. एकच एमडी५ असलेली आपल्या सोयीची जोडी बनवणे आज घरच्या कॉम्प्युटरवर शक्य आहे. मात्र दुसऱ्याची आधीच असलेली फाइल घेऊन, तिच्याच एमडी५ ची वेगळी फाइल बनवणे अजून व्यवहारात कुणाला जमलेले नाही. म्हणजे जप्त डिस्कचा एमडी५ योग्य वेळी घेऊन आरोपीला दिलेला असेल तर 'एमडी५ फुटला आहे' एवढ्या वाक्यावर पुरावा उडत नाही. पण फाइल तयार करणाराच लबाडी करणार असेल, तर तो एकाच हॅशच्या दोन फाइली आधीच खिशात ठेवू शकतो. धोका कुणाकडून आहे, हे आधी विचारले पाहिजे.

तरीही नव्या कामात जुनी रीत वापरायचे काही कारण नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र द्यावे लागते, त्याच्या नमुन्यात आता हॅश लिहायची जागा आहे. ही चांगली सुधारणा आहे. पण त्याच नमुन्यात एसएचए-२५६ च्या शेजारी एसएचए-१ आणि एमडी५ यांनाही चौकट दिली आहे. एका रीतीची टक्कर २००४ ला दाखवली गेली, दुसरीची २०१७ ला, आणि आपण २०२३ च्या कायद्यात त्यांना बसायला जागा दिली!

नावे लपवल्याचा भास

हॅशचा आणखी एक उपयोग आहे आणि तिथे आपल्या संस्थाच जास्त फसतात. अत्याचारग्रस्त कुटुंबांची, शिष्यवृत्ती अडलेल्या विद्यार्थ्यांची, सफाई कामगारांची सर्वेक्षणे आपण करतो. यादी बाहेरच्या अभ्यासकाला देताना कुणीतरी सुचवते की नावे काढून टाका आणि मोबाइल नंबरच्या जागी त्याचा हॅश टाका, म्हणजे ओळख लपेल. ती लपत नाही.

हॅश उलटा फिरवता येत नाही हे खरे, पण उलटा फिरवायची गरजच नसते. भारतातला मोबाइल नंबर दहा आकडी आणि ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होणारा. म्हणजे एकूण शक्य नंबर ४०० कोटी. माणसाला ही संख्या प्रचंड वाटते, पण गेम खेळायच्या चांगल्या ग्राफिक कार्डाला काही सेकंदांचे काम. तो सगळ्या ४०० कोटी नंबरांचे हॅश काढतो आणि तुमच्या यादीशी जुळवतो. चहाला उकळी फुटायच्या आत पूर्ण यादी उघडी. १२ आकडी आधार क्रमांकालाही फार तर काही मिनिटे. एसएचए-२५६ इथे काहीच वाचवत नाही, कारण दोष रीतीत नाही, अंदाज करता येण्याजोग्या मजकुरात आहे. गावातल्या एखाद्या बलात्कारपीडितेच्या कुटुंबाचा नंबर अशा यादीत असेल तर काय होऊ शकते, हे वेगळे सांगायला नको. त्यापेक्षा नंबर काढूनच टाकावेत, स्वतःचे अनुक्रमांक द्यावेत आणि कोणता अनुक्रमांक कुणाचा ही वही संस्थेत वेगळ्या कपाटात ठेवावी. जुनी पद्धत आहे, पण चालते.

पासवर्डचेही असेच. वेबसाइटवाले तुमचा पासवर्ड नव्हे तर त्याचा हॅश साठवतात, निदान तसे करायला हवे. '१२३४५६' या इंग्रजी आकड्यांतल्या पासवर्डचा एमडी५ 'ई१०एडीसी३९४९' असा सुरू होतो, आणि या क्षेत्रातले लोक तो नुसता पाहून ओळखतात. २०१२ मध्ये लिंक्डइनचे हॅश चोरीला गेले. आधी सुमारे ६५ लाख हॅश बाहेर आले आणि २०१६ मध्ये कळले की आकडा ११ कोटी ७० लाखांच्या घरात आहे. ते साध्या एसएचए-१ मध्ये होते, त्यात 'सॉल्ट' नव्हते. सॉल्ट म्हणजे मीठच: प्रत्येक पासवर्डमध्ये वेगळी चिमूट टाकून मग हॅश काढायचा, म्हणजे दोघांचा पासवर्ड एक असला तरी हॅश वेगळा येतो आणि चोराला प्रत्येकासाठी नव्याने खपावे लागते. पासवर्डसाठी तर बीक्रिप्ट किंवा आर्गॉन२ यांसारख्या मुद्दाम संथ केलेल्या रीती वापरायच्या असतात. एसएचए-२५६ वेगवान आहे. फाइल तपासताना तो गुण, पासवर्ड राखताना तोच दोष.

आणि मित्रांनो, 'जयभीम१८९१' किंवा 'धम्म१९५६' असे पासवर्ड इंग्रजी अक्षरांत लिहिले तरी ते ठेवू नका. जो आपल्यालाच लक्ष्य करणार आहे, तो आपल्या तारखा आपल्याइतक्याच जाणतो आणि सुरुवात तिथूनच करतो.

घटनेचा व्हिडिओ हाती आला तर

मूळ फाइल ज्या फोनवर चित्रित झाली त्या फोनमध्ये तशीच ठेवा. कापू नका, नाव लिहू नका, गाणे लावू नका. व्हॉट्सॲपवर साधा व्हिडिओ म्हणून पाठवला की ॲप तो दाबून छोटा करते. मग पोहोचते ती वेगळी फाइल आणि तिचा हॅश मूळ फाइलीशी जुळत नाही. पाठवायचाच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. त्याच दिवशी एसएचए-२५६ काढा. विंडोजमध्ये 'सर्टयुटिल' आणि लिनक्समध्ये 'एसएचए२५६सम' या आज्ञा आधीपासूनच असतात, वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. इंटरनेटवर फाइल चढवून हॅश काढून देणाऱ्या साइटींच्या वाटेला जाऊ नका. पीडितेचा चेहरा असलेला व्हिडिओ अनोळखी माणसाच्या हातात देऊन तुम्ही त्याची ओळ मागत असता.

मग ती ६४ चिन्हांची ओळ पूर्ण छापून, फाइलीचे नाव आणि आकारासह, तक्रार अर्जाच्या मजकुरातच घाला. 'जागा वाचवायला' फक्त पहिली आठ चिन्हे लिहू नका. आठ चिन्हे जुळणारी दुसरी फाइल बनवणे कॉम्प्युटरला अवघड नाही. हाताने उतरवताना एक अक्षर चुकले तर सगळे फुकट, म्हणून छापील प्रतच हवी. अर्ज पोलिस ठाण्यात, समाजकल्याण कार्यालयात, जिल्हाधिकाऱ्यांकडे द्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घ्या. त्या शिक्क्याने सरकारी कार्यालयच साक्ष देते की ही ओळ या तारखेला अस्तित्वात होती. पुढे कुणी व्हिडिओ नंतर बनवल्याचा आरोप केला तर उत्तर तुमच्या फाइलीत आहे. व्हिडिओतली घटना खरी आहे की बनाव, हे मात्र शिक्का सांगणार नाही. त्यासाठी साक्षीदार, वैद्यकीय अहवाल, घटनास्थळ हे सगळे लागणारच.

फोन किंवा लॅपटॉप जप्त होत असेल तर हॅश पंचनाम्यात लिहायची मागणी करा आणि प्रत मागा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचे दृकश्राव्य चित्रण करायचे असते. ती मागणी त्या चित्रणात ऐकू येईल अशी मोठ्याने करा. मोठ्या डिस्कचा हॅश काढायला तासन्‌तास लागतात आणि चालू फोनचा हॅश स्थिर राहत नाही, म्हणून जागेवर हॅश मिळणार नाही असे सांगितले जाऊ शकते, आणि ते नेहमीच खोटे असते असे नाही. अशा वेळी उपकरण बंद पाकिटात सीलबंद करून सीलवर तुमची सही घ्यायला सांगा, प्रत कधी आणि कुठे काढणार ते विचारा, आणि तुमच्या किंवा वकिलांच्या हजेरीत ती काढावी असा अर्ज द्या.

प्रमाणपत्राकडे दुर्लक्ष करू नका. जालना विधानसभा मतदारसंघाच्या निवडणुकीवरून उद्भवलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये स्पष्ट केले की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत दाखल करताना प्रमाणपत्र आवश्यकच आहे. मूळ उपकरणच कोर्टात हजर केले तर गोष्ट वेगळी. तो निकाल जुन्या कायद्याच्या कलम ६५-ब वर होता, आता त्याची जागा कलम ६३ ने घेतली आहे. नव्या नमुन्याचे दोन भाग आहेत: पहिला फाइल सादर करणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. दोन्ही भागांतला हॅश एकच आहे ना, आणि तो तक्रारीच्या शिक्का असलेल्या प्रतीशी जुळतो ना, हे वकिलांकडे बसून ओळीने, चिन्हागणिक तपासा. चौकट एसएचए-२५६ ची भरा.